दोन सीटांची लाल गाडी

रागावल्यावर बायका माहेरी जातात, मी गाडी घेतली. (माहेर अमरावतीला आहे. तिकडे जायचं म्हटलं तरी गाडी मलाच चालवत न्यावी लागली असती आणि वाटेत कोणाला तरी बडनेऱ्याला सोडावं लागलं असतं.)

गाडी घरात आधीच एक होती. पांढरी, सात सीटांची, आगगाडीच्या डब्यासारखी लांब. मी शाळेत गणित शिकवते. गाडीचं कर्ज माझ्या नावावर, गाडी माझ्या नावावर आणि चालवण्याचं कामही माझ्याच नावावर. आमच्या यजमानांना गाडी येते, म्हणजे पूर्वी यायची. पण ते रस्त्यातल्या प्रत्येक गायीची परवानगी घेऊन पुढे जायचे. एकदा चौकात मागच्या सगळ्या गाड्या बोंबलत असताना मी म्हटलं, "सरका, द्या इकडे." तेव्हापासून ते डाव्या बाजूला बसून मला रस्ता दाखवतात. रस्ता मला माहीत असतो.

मग काय, "सुनंदा आहे ना" ही आमच्या अख्ख्या खानदानाची वाहतूक व्यवस्था झाली. पाहुणे स्टेशनवर उतरले, सुनंदा आहे ना. मोठ्या नणंदेला, मंगलाताईंना, कोराडीच्या देवीला जायचंय, सुनंदा आहे ना. त्यांच्या यजमानांचं गुडघ्याचं दुखणं, सासूबाईंचे डोळे, कोणाची तरी पापडाची पिंपं, सुनंदा आहेच. आणि मी होतेही, हेच तर माझं चुकत होतं.

ठिणगी पडली ती रामटेकहून येताना. ऊन कसलं, डोक्यावर तवा ठेवल्यासारखं. वाटेत रसवंती दिसली म्हणून सगळे उतरले. मी गाडी सावलीत लावायला मागे नेली, पुढे घेतली, पुन्हा मागे नेली. परत आले तर सगळ्यांच्या मिशांना उसाच्या रसाचा फेस लागलेला. मंगलाताईंनासुद्धा.

"सगळ्यायले मिळाला ना?" यजमान विचारत होते.

"मिळाला, मिळाला," सगळे म्हणाले.

मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "अरे, तू राहिली का?"

तोवर रसवंतीवाल्याने चरक धुवायला घेतला होता. मी काही बोलले नाही. वर्गात मी काही बोलले नाही की मुलं बाकाखाली जातात, पण आमच्या घरच्यांना ते शिक्षण नाही. ते गाडीत बसले आणि एसी वाढव म्हणाले.

त्याच आठवड्यात मी पांढरी गाडी विकली आणि बुटीबोरीच्या एका कारखान्यातल्या साहेबाकडून दुसरी घेतली. त्यांची बदली झाली होती आणि ती गाडी सोबत नेण्याची त्यांच्या बायकोची परवानगी नव्हती. गाडी लहान, लाल, वरून उघडी, कापडी छताची. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. आणि सीट दोन. फक्त दोन! मागे सीट तर नाहीच, मागे सीट होती की काय असा संशय यायलाही जागा नाही.

"मॅडम, एक सांगून ठेवतो," साहेब म्हणाले. "बॉडी लोखंडाची नाही, फायबरची आहे. मागच्या झाकणावर वजन ठेवू नका. त्याच्याखाली छत घडी करून ठेवायची पोकळी आहे."

"ठेवायले माझ्याजवळ कोणी राहणारच नाही," मी म्हटलं. ते जरा घाबरले असावेत.

गाडी सक्करदऱ्याला घरासमोर उभी केली तेव्हा यजमान तिच्याभोवती दोनदा फिरले. मागच्या बाजूला जरा जास्तच वेळ थांबले.

"यात तर दोनच सीटा आहेत."

"म्हणूनच घेतली."

"मग आपण सगळे कसे जाऊ?"

"तुम्ही सगळे कसे जाता ते तुम्ही पाहा. मी ह्या गाडीत जाईन."

इतकं समाधानाचं वाक्य मी लग्नानंतर प्रथमच बोलले असेन. माझा बेत साधा होता. रोज संध्याकाळी छत उघडायचं, वर्धा रोडने एकटीने दूर जायचं, कोणाला कुठेही न सोडता परत यायचं. मला कोणी मोजत नाही ना, मग मीही कोणाला मोजणार नाही.

पण बेत करताना मी, गणिताची बाई असून, एक चूक केली होती. दोनातून एक गेला की एक उरतो. ती एक उरलेली सीट माझ्या जिवावर उठली. सात सीटा असताना कोणी कुठेही बसायचं. एकच सीट म्हटल्यावर मान आला, आणि मान आला की आमच्याकडे आधी कोण आणि मग कोण हे ठरलेलं आहे.

"पहिले देवाले न्यायची गाडी," सासूबाईंनी फर्मावलं आणि त्या येऊन बसल्या. बसल्या म्हणजे काय, आत गेल्या. ती सीट जमिनीपासून इतकी खाली की टेकडीच्या गणपतीपाशी त्यांना बाहेर काढायला नारळवाला आणि हारवाला असे दोघे लागले. दुसऱ्या दिवशी जवाईबापू, म्हणजे मंगलाताईंचे यजमान. जावयाला नाही कसं म्हणायचं? त्यांनी धरमपेठेपर्यंत हात बाहेर टाकून रस्त्यावरच्या ओळखीच्या आणि अनोळखी लोकांना नमस्कार केले, आणि मला वाटेल तिथे थांबायला लावून गाडी त्यांचीच असल्यासारखी माहिती दिली.

एकटी निघाले तरी सुटका नव्हती. उघड्या गाडीला काच वर करून तोंड फिरवता येत नाही. सिग्नलला थांबलं की शेजारचा स्कूटरवाला विचारणारच, "मॅडम, ॲव्हरेज काय देऊन राहिली?" एकदा तर सक्करदरा चौकात आमच्याच गल्लीतल्या देशपांडे वहिनींनी रिकामी सीट पाहिली आणि भाजीची पिशवी त्यात ठेवून दिली.

"घरीच चालल्या ना? एवढी आमच्याकडे देऊन द्या. मी बँकेत जाऊन येते."

मी घरी चालले नव्हते. मी चिडून वर्धा रोडला चालले होते. मागे वळले आणि पालक पोचवला. आणि त्या छताचं काय सांगू! ते उघडायला एक माणूस पुरतं, लावायला दोन लागतात. एकटीने फिरायची गाडी आणि छत लावायला नवरा हवा. उन्हाळ्यात छत उघडलं की सीटवर पोळी भाजावी, पावसाळ्यात उघडायची सोय नाही. राहिले थंडीचे दिवस, तर त्या दिवसांत सासूबाईंनी गाडीचा ताबा घेतला. त्यांना उन्हात बसायला ती सीट फार आवडली. दारातल्या उभ्या गाडीत बसून त्या वाटाणे सोलायच्या. हळूहळू त्या स्टिअरिंगच्या बाजूला बसायला लागल्या, कारण त्या बाजूला ऊन जास्त वेळ राहतं, असं त्या म्हणायच्या. संध्याकाळी मी चावी घेऊन बाहेर यायची तर ब्रेकखाली टरफलं.

"आई, मले जायचं आहे."

"जा ना वं. अडवलं कोण? एवढे वाटाणे होऊ दे."

अशा रीतीने गाडी घेऊन वर्ष होत आलं आणि मी वर्धा रोडवर शांतपणे एकटी गेले नाही ती नाहीच. मग मंगलाताईंच्या अक्षयचं लग्न ठरलं.

मंगलाताई आल्या त्याच हळदीकुंकवाच्या चेहऱ्याने. "सुनंदा, अक्षयची फार हौस आहे. वरातीले तुझी गाडी पाहिजे."

"नाही," मी म्हटलं. मला वाटलं, एवढं पुरेसं आहे.

"भाच्याच्या लग्नाले मामीची गाडी नाही तर कोणाची?" सासूबाई वाटाण्यातून बोलल्या. "मामाकडचा मान असते तो."

मामाने, म्हणजे आमच्या यजमानांनी, मान हलवली. मामाचं काही जात नव्हतं. शेवटी मी एकच अट घातली, की गाडी मी चालवेन, दुसरं कोणी हात लावणार नाही. "हो, हो, तूच तर चालवशील," मंगलाताई लगेच म्हणाल्या. दुसरं कोणी चालवेल असा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता.

लग्नाच्या दिवशी सकाळी गाडीला झेंडूने इतकं मढवलं की दिवे कुठे आहेत ते मला हाताने चाचपावं लागलं. वरात घरापासून मारुतीच्या देवळात, तिथून तलावाच्या बाजूने कार्यालयात जायची होती. बाकीच्या मोटारी आणि त्या चालवणारी सगळी माणसं जेवणाचं पाहायला कार्यालयात पुढे गेली. मागे राहिले नाचणारे, बँड आणि सासूबाईंसाठी एक ऑटो. मी नवं लुगडं नेसून स्टिअरिंगवर बसले. अक्षय फेटा सांभाळत शेजारी बसला. आणि दिवा घेऊन आली श्वेता, अक्षयची बहीण, म्हणजे करवली.

आता आमच्याकडे करवली नवरदेवाबरोबरच असते. पेटता दिवा घेऊन त्याच्या मागे बसते. श्वेता गाडीच्या मागे गेली, तिथून ह्या बाजूला आली, त्या बाजूला गेली.

"मामी, मी कुठं बसू?"

सगळे गाडीकडे पाहायला लागले. इतके दिवस गाडीचा रंग पाहिला, हार ठरवले, फोटोवाला ठरवला. सीटा कोणी पाहिल्याच नव्हत्या.

"पण दोन सीटा आहेत ना?" मंगलाताई म्हणाल्या. "एक नवरदेवाची, एक करवलीची. बरोबर तर आहे."

"आणि मी?"

"तू उतर ना थोडा वेळ."

"मी उतरली तर गाडी कोण चालवेल, ताई?"

मंगलाताईंनी तोंडावर हात ठेवला. अगदी खरंखुरं नवल वाटलं हो त्यांना. "अगंबाई. तुले तर आम्ही मोजलंच नाही."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हणून तर मी जास्त चिडले. मुद्दाम कोणी विसरलं असतं तर भांडता आलं असतं. रसवंतीपासून पोटात ठेवलेला राग घशापर्यंत आला, पण दारात बँड उभा, मुहूर्त जवळ, अक्षयचा चेहरा रडकुंडीला आलेला. मी गिळला.

तेवढ्यात जवाईबापूंना कल्पना सुचली. त्यांना कल्पना सुचली की आमच्या घरात एक वस्तू तरी फुटते. "अरे, नवरदेवाले वर बसवा! मागच्या झाकणावर. निवडून आलेले पुढारी नाही का बसत? श्वेता पुढं बसते."

"ते फायबरचं आहे. खाली पोकळी आहे," मी म्हटलं.

जवाईबापूंनी झाकणावर बोटाने टकटक केलं, जसं टरबूज पाहतात. "मजबूत आहे. बस रे."

अक्षय बसला. शोभलाही, खोटं कशाला बोलू. श्वेता माझ्याजवळ दिवा धरून बसली आणि वरात निघाली. मारुतीचं दर्शन झालं. तलावाच्या रस्त्याला एक गतिरोधक आहे, रात्रीतून वाढल्यासारखा. त्यावरून मी गाडी इतकी हळू चढवली की मुंगीने ओव्हरटेक केलं असतं. मागून कडाड असा आवाज आला. आरशात पाहिलं तर नवरदेव नाही. नुसता फेटा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मोजडी.

अक्षय त्या पोकळीत घडी होऊन बसला होता. छत बसायला हवं तसं तो बसला होता. गुडघे कानांपाशी, हात आत, आणि बाहेर यायला टेकू नाही. बँडवाल्यांना वाटलं ही काहीतरी नवी पद्धत आहे. त्यांनी जोर वाढवला.

"मामी, मले काढा," आतून आवाज आला.

चौघांनी ओढून पाहिलं. फेटा तेवढा निघाला. आणि अशा वेळी मंगलाताई धावत आल्या आणि काय म्हणाल्या? "सुनंदा, तुले हळू चालवता येत नाही का वं?"

मी इंजिन बंद केलं. खाली उतरले, पदर खोचला, वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले. श्वेताला म्हटलं, "उतर." ती माझी विद्यार्थिनी होती, लगेच उतरली. मी तिच्या जागी बसले आणि दिवा हातात घेतला.

"मी बसली. आता चालवा."

"अवं, पण कोण चालवेल?" यजमान म्हणाले.

"ते तुम्ही मोजा."

यजमानांचं लायसन केव्हाच संपलेलं. जवाईबापू गाडी चालवतात, पण तोंडाने. नाचणारी मंडळी स्कूटरवाली, ऑटोवाल्याला तीन चाकांपुढचं येत नव्हतं. "सुनंदा, मुहूर्त टळून राहिला," मंगलाताई रडवेल्या झाल्या. मी दिव्यात तेल आहे का ते पाहिलं. मागून नवरदेव "मामी, मामी" करत होता, त्याचं मला वाईट वाटत होतं, पण राग त्याहून मोठा होता.

तेव्हा मागच्या ऑटोतून सासूबाई उतरल्या. कोणाशी न बोलता, नऊवारी सावरत त्या सरळ स्टिअरिंगवर येऊन बसल्या. वाटाण्यांमुळे सवय झालेली.

"पाहून काय राहिले गा?" त्या आपल्या मुलावर आणि जावयावर ओरडल्या. "ढकला."

गिअर मी न्यूट्रलला टाकला. (तेवढं मला राहवलं नाही.) आणि आमच्या घरातले यच्चयावत पुरुष, भर उन्हात, रेशमी झब्ब्यांत, गाडी ढकलायला लागले. जवाईबापू सगळ्यांत पुढे, म्हणजे नवरदेवाच्या मोजडीला नाक लावून. मी बाजूच्या सीटवर बसले होते. त्या रस्त्याने मी इतकी वर्षं गाडी हाकते आहे, पण तलावाकडे मान वळवून पाहिलं ते त्या दिवशी. काठाला बगळे होते. वारा चांगला लागत होता. दुसऱ्याने नेलं की असं असतं तर, असं मला वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. रागाचंच असेल.

मग समोर रसवंती दिसली. सासूबाई सरळ तिच्यावरच निघाल्या होत्या.

"आई, उजवीकडे!"

"उजवीकडेच नेऊन राहिली ना वं!"

"ते डावं आहे!"

"तू बस चुपचाप. आज तुले आराम आहे ना?"

मी बसले चुपचाप. चरकाच्या घुंगरांचा आवाज यायला लागला तरी बसले. रसवंतीवाला ऊस टाकून पळाला तरी एक क्षण बसले. मग मी दिवा दातांत धरावा की काय असा विचार केला, तो मांडीवर ठेवला, "द्या इकडे!" म्हणून स्टिअरिंग फिरवलं आणि हँडब्रेक ओढला. गाडी चरकापासून वीतभर अंतरावर थांबली. मागे ढकलणारे सगळे एकावर एक आदळले आणि त्या धक्क्याने नवरदेव आणखी आत गेला.

मग यजमान धापा टाकत उठले. झब्बा पाठीला चिकटलेला, कपाळावर नवरदेवाच्या मोजडीचा ठसा. ते रसवंतीवाल्याशी काहीतरी बोलले आणि एक ग्लास घेऊन माझ्याकडे आले. बर्फ घातलेला, काठोकाठ.

"पहिला तुझा," ते म्हणाले. "बाकीच्यायचं नंतर पाहू."

मी तो अख्खा रस एका दमात प्यायले. सगळे उभे राहून पाहत होते. मंगलाताईंनी आपल्या पदराने मला वारा घातला आणि म्हणाल्या, "चुकलं वं माझं." माझा राग तिथेच उतरायला नको होता. इतक्या दिवसांचा राग एका ग्लासात उतरला म्हणजे फारच स्वस्त झालं. पण उतरला, काय करणार?

मग मी स्टिअरिंगवर, दिवा घेऊन सासूबाई करवलीच्या जागी (उतरायला त्यांनी साफ नकार दिला) आणि मागे पोकळीत नवरदेव, अशी वरात कार्यालयाच्या दारात पोचली. व्याही ओवाळणीचं तबक घेऊन पुढे आले, थबकले, नागपूरकडची पद्धत असेल असं समजून त्यांनी वाकून पोकळीतल्या अक्षयला कुंकू लावलं आणि नारळही आत दिला. मांडववाल्यांनी झाकण उचकटून त्याला बाहेर काढलं तेव्हा मुहूर्ताला थोडाच वेळ उरला होता. बोहल्यावर तो जरा वाकडा उभा राहिला, एवढंच.

गेल्या आठवड्यात लग्नाचा अल्बम आला. त्यात एक मोठा फोटो आहे. फुटक्या लाल गाडीभोवती अख्खं खानदान. नवरा-नवरी, मंगलाताई, जवाईबापू, श्वेता, स्टिअरिंगवर सासूबाई, खांद्यावर झब्बा वाळत टाकलेले यजमान. बँडवाले आहेत. रसवंतीवालासुद्धा आहे. सगळे आहेत, फक्त मी नाही! माझ्याच गाडीचा फोटो आणि त्यात मलाच मोजायला विसरले. अंगाची नुसती लाही झाली. मी अल्बम आपटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ह्या फोटोत मी काहून नाही?"

यजमान चष्मा लावून फोटोजवळ आले. बराच वेळ पाहिल्यावर म्हणाले, "अवं, फोटोवाला वाकडा धरून राहिला होता कॅमेरा. तूच नाही का म्हटलं त्याले, द्या इकडे?"